आत्तींचा डावा हात

२ डिसेंबर, सोमवार

वही आणून महिना झाला, पहिलं पान आज लिहितेय. कारण आज लिहिण्यासारखं घडलं. पुण्याच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला! वीस तारखेपासून तीन दिवस, आणि पाटीवर माझं नाव. राजवीरला कागलला कंपनीत फोन केला. "नाद खुळा!" म्हणाला आणि सुपरवायझर आला म्हणून फोन ठेवला. नवऱ्याकडून एवढंच कौतुक मिळणार, धरून चालायचं.

मामा चपलांचे तळ कापत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पुण्यात मान्सं चपला घालत्यात व्हय?" मामा म्हणजे माझे सासरे, पिराजी. सासू बाळाबाई, त्यांना मी आत्ती म्हणते. आमच्या आजऱ्याकडं तशीच पद्धत आहे, इथं उचगावातही मी तीच चालू ठेवली. मामा तळ कापतात, शिवतात. आत्ती पट्ट्यावर चामड्याची बारीक वेणी गुंफतात. मी फोटो काढते, मोबाईलवर टाकते आणि गिऱ्हाईक धरते. बी.कॉम.चा एवढा तरी उपयोग.

पुण्यासाठी मला मऊ चप्पल पाहिजे, आत फोम चिकटवलेली. त्यासाठी सोल्यूशनचा डबा आणला तेव्हापासून घरात महाभारत. मामा म्हणतात, "आमच्या चपलेला खिळा न्हाय का डिंक न्हाय. चामड्याच्या वादीनं शिवायची. आन् तू चिकटवाय लागलीस!" आत्ती बोलत नाहीत, पण डब्याचं झाकण उघडलं की नाकाला पदर लावून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतात. वास सोसत नाही म्हणे. नाटकं नुसती.

पण खरं सांगायचं तर चप्पल विकली जाते ती आत्तींच्या वेणीवर. मी शिकायला बसले होते, माझी वेणी उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते. शेजारच्या रोशनबी बरी घालतात, पण त्याच म्हणतात, "बाळाबाईचा हात निराळा." तीस जोड करायचेत. सगळं त्या दोन हातांवर.

४ डिसेंबर, बुधवार

आज आत्तींच्या हाताला आरी लागली. विशेष काही नाही, लिहून ठेवते.

दुपारी त्या वेणी घालत होत्या, डाव्या हातात पट्टा, उजव्या हातात भोक पाडायची टोकदार आरी. मी मोबाईल घेऊन गेले. "आत्ती, हे बघा, अशी पाहिजे. हातातल्या वेणीहून बारीक."

"हातात काम हाय. मागनं बघतो."

मी कुठली थांबतेय! फोन त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी मान वर केली आणि आरी पट्ट्यातून सटकून डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटात गेली, तळहाताच्या बाजूनं, पार मुळाशी. चांगली आत गेली असावी, कारण ओढून काढावी लागली. रक्त मात्र एक थेंब.

आत्ती उठून मोरीकडं निघाल्या. "धुतो जरा. चामड्यातली आरी हाय, घाण असती."

म्हटलं, "थांबा, पाणी लावू नका. ओल्यावर सोल्यूशन धरत नाही." चामड्याचं तेच असतं ना, जरा ओल राहिली की निघून येतं. फडक्यानं कोरडं पुसलं, सोल्यूशनचा ठिपका दिला, फुंकर घातली आणि दाबून धरलं. भोक दिसेनासं झालं. गल्लीतली नवीन कारागीर पोरं सगळी असंच करतात. चामडं कापायची रापी लागली की सोल्यूशन, आणि पुढचं काम चालू. आत्तींनी वासानं तोंड फिरवलं होतं, पण हात माझ्या हातात ठेवला. "झालं?" म्हणाल्या. म्हटलं, "झालं की! बसा आता."

कातडीचं एवढं काय घेऊन बसायचं? आमच्या आईनं आजऱ्याच्या काजू कारखान्यात जन्म काढला. टरफलाचं तेल लागून तिच्या हाताची कातडी पापुद्र्यासारखी निघते आणि खालून नवी येते. तिनं कधी डॉक्टरला हात दाखवला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

जखम एकदम बेस्ट. सकाळी हात धरून बघितला तर सोल्यूशन चकचकीत, ना रक्त ना पाणी. बोट गरम लागलं, नुकत्याच भाकऱ्या केल्या होत्या त्यांनी.

बॅनरसाठी आत्तींच्या हातांचे फोटो काढले. काम करतानाचे हात, पाठीमागं वेणी. तर ह्या बाई बोट वाकडंच धरून बसल्या.

"सरळ करा की, आत्ती."

"ऱ्हाऊ दे असंच."

"फोटोनं हात झिजत नाही."

काही केल्या ऐकेनात. मीच कोन बदलला. फोटो भारी आलाय. वाकडं बोट उलट वेणीवर टेकवल्यासारखं दिसतंय, कुणाला वाटावं मुद्दाम तसं बसवलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

आत्तींनी असहकार पुकारलाय. दिवसात दोन जोड, तेही ढिले. एक तर मी उसवून परत त्यांच्या पुढ्यात ठेवला. "पुण्याची माणसं डोळे उघडे ठेवून घेतात," म्हटलं. त्या गप्प. नेहमी एक शब्द टाकला की चार येतात, आज एकही नाही. गप्प बसून छळायची ही नवी तऱ्हा.

पीठ मला मळायला लावलं. धुणंही मला. संध्याकाळी शाल पांघरून बसल्या, म्हणे थंडी वाजतीय. थंडी आहे खरी, डिसेंबर आहे. पण स्वेटर घालून चहाचा कप दोन्ही हातांत धरायचा असतो, ह्यांनी उजव्याच हातात धरला आणि डावा पदराखाली. माझा स्टॉल त्यांच्या डोळ्यात खुपतोय, दुसरं काही नाही. राजवीरला म्हटलं, तुझ्या आईला समजाव. तो म्हणाला, "तुमच्या दोघींच्यात मी पडत न्हाय बाबा," आणि ड्युटीवर गेला.

८ डिसेंबर, रविवार

सरकारी दवाखान्यात बसून लिहितेय.

काल दुपारी रोशनबी वादी मागायला आल्या. आत्ती पडून होत्या. रोशनबींनी कपाळाला हात लावला आणि ओरडल्याच, "या अल्ला! बाळाबाई, तवा झालाय की गं तुझा!" मग त्यांनी पदराखालचा डावा हात ओढून बाहेर काढला. मी तिथंच उभी होते. बोट टम्म सुजून लालभडक, आकड्यासारखं वाकलेलं. मनगटाकडं एक लाल रेघ गेली होती. रोशनबींनी बोट जरा सरळ करायला बघितलं आणि आत्ती अशा ओरडल्या की मामा हातातली रापी टाकून आत आले.

वर सोल्यूशन तसंच होतं. चकचकीत. कुठं भेगसुद्धा नाही.

मामांनी हात उजेडाकडं धरला. "कुणी लावलं हे सोल्यूशन?"

मी सांगणार होते, खरंच. पण त्याआधीच आत्ती म्हणाल्या, "म्या लावलं."

मामांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, का कुणास ठाऊक. मग आत्तींवर असे गरजले की गल्ली गोळा झाली. "अक्कल गहाण ठेवलीवतीस काय? इतकी वरसं धंद्यात हाईस आन् आरीच्या जखमेला तोंड बंद करतीस?" आत्ती मान खाली घालून ऐकत होत्या. मी रिक्षा बोलवायला पळाले. कुणीतरी पळायलाच पाहिजे होतं.

डॉक्टर बाई तरुण आहेत, संयोगिता मॅडम. त्यांनी चिमट्यानं सोल्यूशनचा पापुद्रा उचलला आणि खालून पू आला. किती आला ते लिहीत नाही. ताबडतोब ऑपरेशन म्हणाल्या. बोट दोन ठिकाणी उघडून आतून धुऊन काढलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, सलाईनमधून औषध चालू आहे. जखम शिवलेली नाही. मी दोनदा विचारलं, मॅडम, शिवायचं राहिलं का? त्या म्हणाल्या, मुद्दाम उघडी ठेवलीय, आतून भरत बाहेर आली पाहिजे.

मग त्यांनी स्वतःच्या हाताची पाठ चिमटीत धरून आम्हाला समजावलं. सगळ्यात वरचा थर कागदाएवढा असतो, त्यात रक्त नाही, तो रोज झडतो आणि खालून नवा येतो. त्याच्या खाली जाड थर; रक्त, घाम, केसांची मुळं, दुखणं-खुपणं सगळं त्यात. त्याखाली चरबी. आणि बोटात त्याच्याही खाली, बोट वाकवणारी दोरी एका नळीतून जाते. आरी वरचे सगळे थर ओलांडून त्या नळीत गेली. बरोबर चामड्याची घाण घेऊन गेली. वरून तोंड बंद केल्यावर ती जाणार कुठं? नळीतच पसरली.

मामा हळूच म्हणाले, "म्हंजे आमी जे वापरतो ते मदलं."

खरंच की. चामडं कमावताना वरचे केस काढतात, खालचं मांस-चरबी खरवडून टाकतात. आमच्या हातात येतो तो मधलाच थर, तोही मेलेला. त्याला सोल्यूशन लावलं की चिकटतं आणि गप्प राहतं. आईच्या हाताचा निघतो तो नुसता वरचा कागद. ह्या दोन गोष्टींवरून मी कातडीची हुशारी सांगत होते.

मॅडमनी पुढंही सांगितलं. टोकदार वस्तू आत गेली की आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, साबणानं धुवायचं, चांगली दहा मिनिटं. थोडं रक्त येत असेल तर येऊ द्यायचं. वर स्वच्छ कापड, सैल. हळद नाही, तंबाखू नाही, सोल्यूशन तर नाहीच. बोट सुजलं, वाकडं राहिलं किंवा सरळ करताना कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "दुसऱ्या दिवशी आला असता तर एवढं झालं नसतं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बोट वाकडं होतं. फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

आत्ती घरी आल्या. हाताला हे एवढं मोठं बँडेज. ताप गेला, पण बोट राहील का आणि राहिलं तर हलेल का, हे मॅडम आत्ताच सांगत नाहीत.

मला सांगायचं आहे. रोज सकाळी ठरवते. पण आत्तीच म्हणाल्या ना, म्या लावलं म्हणून? आता मी उठून दुसरं काही सांगितलं तर त्या खोट्या पडतील, तेही सगळ्या गल्लीपुढं. आजारी माणसाला कशाला आणखी त्रास. हे मी स्वतःला सांगते आणि मला ते अर्धं पटतं.

मामांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. मी चहा घेऊन गेले की चालू. "आरीची जखम धुवायची असती हे शेंबड्या पोराला कळतं! एवढ्या मोठ्या बाईला कळू नये?" आत्ती भिंतीकडं बघत पडून राहतात. मी कप ठेवून बाहेर येते. मला वाटायचं मामा मनानं चांगले आहेत. दुखण्यात असलेल्या बायकोला कुणी असं बोलतं?

राजवीरही आईलाच बोलला. त्याच्या कंपनीत प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालंय, भिंतीवर तक्ता आहे. "आई, मी कितींदा सांगितलंतं, आधी धू, आधी धू!" आत्ती म्हणाल्या, "चुकलं बाबा." त्यावर तो रडला. मी स्वयंपाकघरात होते. भाकरी करपली.

१६ डिसेंबर, सोमवार

आईला फोन केला, तिला सगळं खरं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं, छाती फुटायची वेळ आली होती.

आई म्हणाली, "गप बस. सासूनं झाकलंय न्हवं? झाकलेलं उघडू नगंस. परक्या घरात ऱ्हायचंय तुला."

म्हटलं, परकं कसलं, चार वर्षं झाली.

"मग तर जास्तच गप बस," म्हणाली.

फोन ठेवल्यावर हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

स्टॉलला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. आत्तींना सांगितलं तर म्हणाल्या, "केल्यात तेवढं जोड तरी घिऊन जा. का मी उगीच केलं?" म्हणजे ते ढिले जोडसुद्धा. दोन अर्धवट राहिले होते ते रोशनबींनी पुरे केले.

२३ डिसेंबर, सोमवार

पुण्याहून आले. सगळे जोड गेले. सगळे! मी आनंदात असायला पाहिजे.

बॅनर स्टॉलच्या मागं लावला होता. आत्तींचे हात, माणसाएवढे मोठे. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडं बघायचा. एक बाई म्हणाल्या, "काय सुंदर हात आहेत हो! बोट बघा कसं नाजूक धरलंय." दुसऱ्या एकीनं विचारलं, "या अजून करतात का काम?" मी म्हटलं, "हो, करतात." पुढची ऑर्डर सांगून गेली. मी घेतली. का घेतली देवाला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी मी बॅनरकडं पाठ करून बसले. तरी ते बोट पाठीला टोचत होतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर उठून बॅनर गुंडाळला. शेजारच्या स्टॉलवाल्यानं विचारलं, "का हो, काढला का?" म्हटलं, वाऱ्यानं हलतोय. हॉलमध्ये वारा कुठला?

घरी आले तेव्हा आत्तींनी पहिला प्रश्न विचारला, "वेणी आवडली काय मान्सांस्नी?" मी हो म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

३ जानेवारी, शुक्रवार

जखम भरली. बँडेज निघालं. संयोगिता मॅडमनी बोट वाकवून बघितलं, सरळ करून बघितलं. मग म्हणाल्या, बोट वाचलं, हे मोठं झालं. पण आतली दोरी नळीला चिकटलीय. रोज कोमट पाण्यात धरून व्यायाम करायचा, थोडं सुटेल. पूर्वीसारखं होणार नाही.

आत्तींनी विचारलं, "वेणी?"

मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बारीक काम अवघड आहे."

आत्तींनी मान डोलावली. येताना रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. उचगावचा फाटा आला तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं, डोळं पण दमलंतं." मला धीर द्यायला म्हणाल्या. मला! मी त्यांचा हात धरायला गेले, तर तो त्यांनी पदराखाली घेतला. सवय झालीय त्यांना.

१० जानेवारी, शुक्रवार

व्यायाम सकाळी रोशनबी करून घेतात, संध्याकाळी मी. रोशनबींनी बोट वाकवलं की आत्ती अख्खी गल्ली डोक्यावर घेतात, त्यांच्या सात पिढ्या काढतात, रोशनबी खो-खो हसतात. मी करते तेव्हा हूं की चूं नाही. ओठ दाबून समोर बघत बसतात. रोशनबींना म्हटलं, माझा हात हलका दिसतोय. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "असंल बाई," म्हणाल्या.

मामांचं चालूच आहे. आज तर चहाचा कप हातात घेता घेता म्हणाले, "चुकलं तर चुकलं म्हणायला काय दातखीळ बसती मान्साची?" आता आत्तींनी कितींदा चुकलं म्हणायचं? मला त्यांचा राग आला. पण मी काय बोलणार? कुठल्या तोंडानं बोलणार?

जेवण जात नाही. आत्तींनी विचारलं, दिवस गेलेत काय? नाही म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार

आज सांगितलं.

राजवीर ओव्हरटाइमला गेला होता. मामा तळ कापत होते, आत्ती आत पडून होत्या. मी चहा घेऊन गेले आणि मामांनी सुरू केलं, "इतकी वरसं धंद्यात…" मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मामा, त्यांना बोलू नका. सोल्यूशन मी लावलं. त्या धुवायला निघाल्या होत्या, मीच धुवू दिलं नाही. आरीसुद्धा माझ्यामुळंच लागली, मी फोन पुढ्यात धरला."

मामांनी रापी बाजूला ठेवली. चहाचा घोट घेतला. म्हणाले, "बस."

मी खाली बसले.

"ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"हात बघितला तवापास्नं. ह्या घरात त्या डब्याला तुझ्याबिगर हात कोण लावतंय? तिला तर वास बी सोसत न्हाय."

म्हटलं, "मग आत्तींना का बोलत होता रोज?"

"तुला ऐकू जावं म्हणून."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. ह्या घरात लेक नाही, म्हणून त्यांनी बायकोला बोलून घेतलं. आणि सून रोज कप ठेवून बाहेर जात होती, वर त्यांनाच मनात नावं ठेवत होती. मी म्हटलं, "मला सरळ विचारायचं होतं, मामा."

"इच्यारलंतं की. त्या दिशी, सगळ्यांम्होरं. कुणी लावलं म्हणून." ते पुन्हा तळाकडं वळले. "तू गप हुतीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी आत गेले. आत्ती उठून बसल्या होत्या, सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी म्हटलं, "आत्ती, ते मला ऐकवायला बोलतात हे तुम्हाला माहीत होतं?"

"पस्तीस वरसं नांदतोय. मला न कळाय काय झालं?"

"मग तुम्ही का ऐकून घेतलं एवढं? का म्हणाला त्या दिवशी, म्या लावलं म्हणून?"

त्या उजव्या हातानं डावं बोट चोळत होत्या. "भेलीवतीस तू. तोंड पांढरं पडलंतं. म्हटलं, पोर घाबरली हाय, आत्ता नगं. हात सुधारला की आपसूक सांगंल." मग म्हणाल्या, "हात काय सुधारला न्हाय, आन् तूबी बोलली न्हाईस. रोज वाट बघायची. तू चहा घिऊन आलीस की वाटायचं, आज बोलंल. बोटाचं काय, ते गेलं. मला त्येचंच लई लागलं, पोरी."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही. मी तेवढी आशा केली होती, खोटं कशाला लिहू. बरंच झाल्यावर त्या म्हणाल्या, "राजवीरला तूच सांगायचं. मी सांगणार न्हाय. आता ऊठ, पाणी तापीव. बोटाची येळ झाली."

पाणी तापवलं, कोमट करून परातीत ओतलं. त्यांनी हात पाण्यात सोडला. मी बोट धरलं, मॅडमनी दाखवलं तसं मुळापासून हळूहळू वाकवत नेलं, जिथं अडतं तिथं थोडं दाबलं. आत्ती एकदम ओरडल्या, "मुडदा बशिवला तुझा! हळू की गं! जीव घेतीस का काय माझा?"

बाहेर मामांची रापी थांबली. मी बोट सोडलं नाही. आत्ती मला शिव्या देत राहिल्या, माझ्या माहेरालाही सोडलं नाही, आणि मी त्या ऐकत परत परत वाकवत राहिले.

बोट कालच्याइतकंच वाकलं.